ढावल्यावर ठेका

"बंद कर ते गाणं," संजयच्या आईनं, बसंतीबाईनं, वेटरला पुन्हा सांगितलं.

वेटरनं संजयकडे पाहिलं. संजयचं डोकं सणकलं. यवतमाळातल्या या नव्या हॉटेलात रविवारी सकाळी टेबल मिळायची मारामार. बहीण अंजू आणि जावई आज सुरतेला निघणार, त्याआधी सगळ्यांनी निवांत बसून खावं म्हणून त्यानं ओळखी काढून हे टेबल मिळवलं होतं. भिंतीएवढ्या पडद्यावर लोकांच्या आवडीची गाणी, जुन्या मालिकांचे तुकडे. समोर गरम छोले-भटुरे. आणि स्पीकरवर चक्क त्याचं स्वतःचं गाणं. त्यात आई तोंड वाकडं करून बसलेली.

"याडी, सारे लोकं नाचून राह्यले," तो दातओठ खात म्हणाला. "तुलेच काय खुपते?"

"अंजूच्या पाठवणीचं रडणं हाये ते. त्याच्यावर लोकं नाचतेत. तुले लाज नाही वाटत?"

बंजारा तांड्यावर सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते. आईच्या गळ्यात आईसाठी, भावाच्या गळ्यात भावासाठी. गाते म्हणजे सुरात रडते. तिकडे डफडं घुमत असतं, बाया हुंदके देत असतात. कोण काय म्हणतंय ते कुणाला ऐकू येत नाही, आणि ऐकायचं कुणी मनावरही घेत नाही. सगळ्याच पोरी रडतात. अंजू संजयच्या गळ्यात पडली तेव्हा त्याच्या खिशातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. पुढे त्यातली 'भिया, भिया', म्हणजे 'भाऊ, भाऊ', ही सुरुवातीची लांब हाक त्यानं कापून घेतली, खाली ठेका बसवला आणि टाकली मोबाइलवर. ती हाकच इतकी झकास होती, की पुढचं ऐकायची त्याला गरज वाटली नाही. आता बाभुळगावपासून वणीपर्यंत वरातीत तेच वाजत होतं.

"राहू द्या न, याडी," जावई देवीलाल हसून म्हणाला. "गाणं जबरदस्त हाये. आमच्या अंजूले सुरतेतबी लोकं वळखतीन आता."

त्यानं न विचारता अंजूच्या ताटात आणखी एक भटुरा वाढला. अंजूनं तो खायला घेतला.

गाणं संपलं. पडद्यावर कोडं सुरू झालं. जुन्या मालिकेच्या गाण्याचे पहिले सूर वाजवायचे, मालिका ओळखेल त्याला आइस्क्रीम. अंजूचे ओठ हलले. तांड्यावर असताना या खेळात ती कुणाला बोलू द्यायची नाही, ओरडून घर डोक्यावर घ्यायची. आज तिनं देवीलालकडे पाहिलं आणि मान खाली घातली. देवीलालनं भलतंच नाव ठोकून दिलं, सगळे हसले, तोही हसला. पोरगी संसाराला लागली की कशी शहाणी होते, असं संजयला वाटलं आणि त्याचा राग थोडा उतरला.

"जवाईबापू," बसंतीबाई म्हणाली, "चार दिस राहू द्या तिले माह्यापाशी."

"मी काय बांधून नेऊन राह्यलो? तिलेच इचारा. काहून वो, राह्यतं काय?"

"नाही. जातो मी," अंजू ताटातच बघत म्हणाली.

"झालं समाधान?" संजय आईवर खेकसला. "कायले पोरीच्या संसारात पाय घालतं?"

तेवढ्यात पलीकडच्या टेबलानं फर्माईश केली आणि 'भिया, भिया' पुन्हा सुरू झालं. दोन पोरं खुर्च्या सारून नाचायला लागली. बसंतीबाई ताडकन उठली. तिच्या धक्क्यानं ग्लास आडवा झाला आणि पाणी टेबलभर पसरलं.

"माह्या पोरीच्या रडण्याचा तमाशा केला तूनं! हा ढावलो हाये? असा असते ढावलो?"

आता सारं हॉटेल बघत होतं. संजयला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एक शब्द नाही बदलवला मी! असली रेकॉर्डिंग अजून हाये माह्यापाशी. बिगर ठेक्याचं, पूर्ण."

देवीलालचा घास हातातच राहिला. "पूर्ण हाये?"

"हाये न."

"पुसून टाक मंग. रडणं कायले जपून ठेवतं?" त्यानं रुमालानं हात पुसले. "चला आता, गाडीले उशीर होते."

"थांबा भावजी. आज याडीले ऐकवतोच. साऱ्याईलेच ऐकवतो."

"जाऊ दे न, संजय."

पण संजय ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. तरातरा काउंटरवर जाऊन त्यानं मॅनेजरकडून फोन स्पीकरला जोडून घेतला. "आपल्या लाडक्या गाण्याचं असली रूप!" मॅनेजरनं माइकवर जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवीलाल खुर्ची सारून उठला. अंजूनं पहिल्यांदाच मान वर केली आणि सरळ भावाकडे पाहिलं.

'भिया, भिया.' हाक आली. पाठोपाठ ठेका येईल म्हणून पोरांनी हात वर केले. ठेका आला नाही. दूर कुठे डफडं वाजत होतं, आणि खिशाच्या अगदी जवळून अंजूचा आवाज येत होता, एकेक शब्द स्वच्छ.

"भिया, मले याच्या संगं धाडू नको. सगाईच्या दिशीच यानं माह्या गळ्यावर पाय देल्ला. याडीले सांग, भिया. बाकी साऱ्याईच्या गळ्यात मी रिवाजाचं रडली. तुह्या गळ्यात खरं रडून राह्यली."