नाव घ्यायला पोपट

"बोल, मानसिंगराव," उमाबाई पोपटाला म्हणाल्या आणि सवयीने त्यांनी जीभ चावली.

पोपटाने मिरचीचं देठ खाली टाकलं आणि पाठ फिरवली. महिना झाला, रोज हेच चाललं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

मानसिंगराव हे उमाबाईंच्या यजमानांचं नाव. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ते चारदा घेतलं असेल, तेही उखाण्यात, बायकांनी दार अडवलं म्हणून. लग्न होऊन देवासला आल्या त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं. उमाबाई जुन्या वळणाच्या. रेशनच्या कचेरीत बाबूने पतीचं नाव विचारलं, तेव्हाही त्यांनी न बोलता कागद पुढे सरकवला होता.

आता त्याच मानसिंगरावांना 'अहो' म्हटलेलं कळेनासं झालं होतं. दोन वर्षं एकेक गोष्ट विसरत ते पलंगापाशी येऊन थांबले होते. मुलगा पियुष आणि सून नेहा 'आबासाहेब, आबासाहेब' करायची आणि ते भिंतीकडे बघत राहायचे. आपल्याला मुलगा आहे हेच जिथे आठवत नाही, तिथे आबासाहेब म्हणजे कोण? मग ते धड घासही घेईनात. बरेचदा दात घट्ट आवळून बसायचे. डॉक्टर म्हणाले, "नावाने हाक मारून बघा. माणूस बाकी सगळं विसरतो, आपलं नाव शेवटी विसरतो."

पण हाक मारणार कोण? त्यांना नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून वर गेली होती. नेहा म्हणाली, "सासऱ्यांना नावाने? आईसाहेब, माझ्याच्याने नाही व्हायचं." पियुषने एकदा तोंड उघडलं आणि डोळे पुसत बाहेर निघून गेला. मग उमाबाईंनी दूधवाल्या गोलूकडून हा पोपट आणवला. पाखराला कसलं आलंय पाप? ते नाव घेईल, स्वारी वळून बघेल, तेवढ्यात आपण घास भरवावा, असा त्यांचा साधा बेत होता.

पोपटाला शिकवायचं तर नाव आधी आपल्यालाच घ्यावं लागणार, हे पिंजरा टांगल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

आता आली का पंचाईत! त्यांनी पिंजरा मागच्या पडवीत नेला, स्वारीच्या कानावर जायला नको म्हणून. देवापुढे सांगून ठेवलं, ही हाक पोपटाला आहे, त्यांना नव्हे. तरी नाव घेताना एका मुठीत मंगळसूत्र घट्ट धरायच्या. दिवसातून शंभर वेळा नाव, आणि शंभर वेळा धसका.

गोलू दूध घालता घालता हसायचा. "काकी, इत्ता लंबा नाम ये नी बोलेगा. राव-वाव हटाओ, छोटा करो."

राव गाळायचं उमाबाईंच्या जिवावर आलं. नुसतं मानसिंग म्हणणारी या घरात एकच बाई होती, सासूबाई, आणि त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती. पण करता काय? त्या दिवसापासून उमाबाई नुसतं मानसिंग म्हणू लागल्या.

पोपट एकच गोष्ट शिकला. उमाबाई गुडघ्यावर हात ठेवून वेताच्या मोड्यावर टेकल्या की तो म्हणायचा, "दमले गं बाई." नेहाला हसू आवरेना. उमाबाईही हसल्या, आणि मग त्यांना रडू आलं. इतक्यांदा म्हणतो आपण हे?

दोन दिवस घास पूर्णच बंद झाला, तेव्हा काल डॉक्टर पुन्हा येऊन गेले. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, म्हणाले.

आज पियुष आणि नेहा कामावर गेल्यावर उमाबाईंनी मऊ खिचडी केली. तीनदा घास पुढे केला, तीनदा तो मिटल्या ओठांवरून सांडला. त्यांनी उपरणं पुसलं, चादर बदलली. स्वारीला एकटं सोडून पुन्हा पुन्हा पडवीत जाणं त्यांना नको वाटलं. म्हणून एकदाच जाऊन पिंजरा उचलून आणला आणि पलंगाच्या खोलीच्या दारातच ठेवला. ताटली जमिनीवर ठेवून त्या मोड्यावर बसल्या.

"दमले गं बाई," पोपट म्हणाला.

"दमले रे बाबा. खरंच दमले." त्यांनी मंगळसूत्र मुठीत धरलं. शिकवायचं म्हणून नव्हे, आता त्यांना कोणाला तरी नुसती हाक मारायची होती. "मानसिंग. अरे मानसिंग, बोल ना रे."

पोपटाने पिसांत चोच खुपसली.

"आलो गं आई."

उमाबाईंनी वळून पाहिलं. मानसिंगराव पलंगावर उठून बसले होते. भिंतीकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले.

"हात धुतले, बघ."

उमाबाईंच्या ओठांवर आलं होतं, अहो, मी उमा आहे, तुमची उमा. खिचडी निवत चालली होती.

त्यांनी मुठीतलं मंगळसूत्र सोडलं आणि ताटली उचलली.

"ये रे मानसिंग," त्या म्हणाल्या, "आईच्या हातचं जेव."

आणि मानसिंगरावांनी मोठा आ केला.