कातरलेल्या सहा

रविवारी मी कोंबडी धरायची आणि ह्यांनी एका पंखाची पिसं कातरायची, असं करत सहा झाल्या. लेगहॉर्न जातीच्या त्या, अंगानं हलक्या. भुर्रकन कुंपणावरून शेजारच्या गुरवकाकांच्या मेथीत उतरायच्या. "कोंबड्या पाळता की घारी?" काकांनी परवाच सुनावलं होतं. सातवी मात्र शेवटपर्यंत हाती लागली नाही. "मर मेले," म्हणत मी कात्री ठेवून दिली.

मंगळवारी दळण घेऊन घरी आले, तर परसात पांढरी पिसंच पिसं. फाटकाची कडी लावायची राहिली होती आणि कुत्री शिरली होती. सहाच्या सहा कुंपणाच्या पायथ्याशी पडलेल्या. कुंपण जेमतेम माझ्या कमरेएवढं.

काका पलीकडून आले. त्यांच्या काखेत सातवी थरथरत होती. "मेथीत लपून बसली होती, घ्या," म्हणत त्यांनी ती पुढे केली. मग त्यांना खाली पडलेल्या सहा दिसल्या, त्यांचे कातरलेले पंख दिसले.

त्यांनी हात मागे घेतला.

"मेथी खाईना का," काका कसेबसे म्हणाले, "पण ही मी द्यायचा नाही."