आधी जातं

"धुळाजी, दात बघ बे हिचे!"

सटवानं करवत उन्हात धरली. पुरुषभर लांब पातं, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. घरचे दोन बोकड देऊन ती त्यानं जालन्याच्या बाजारातून आणली होती आणि आल्यापासून त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मेंढरांमागं पाय झिजवलेले हे दोघे दोस्त. आजवर कुऱ्हाडीपलीकडचं हत्यार त्यांच्या हाती आलं नव्हतं. आता तोंडात दुसरा विषयच नाही.

"कुऱ्हाडीनं निम्मं लाकूड ढलप्यात जातंय. ही तर सुतासारखी कापती म्हणं!"

"आज लिंब, उद्या बाभळी. लाकडाचे ठेकेदार, गुत्तेदार होतो बग आपून!" धुळाजीनं मिशीला पीळ भरला.

जुना कडुलिंब पाली गावाच्या वाटेवर आडवा पडला होता. सुंदरराव पाटलांनी सटवाला बजावलं होतं, "दिस मावळायच्या आत वाट मोकळी कर, वड्याकाठच्या समद्या बाभळी तुला. न्हाई तर बीडचे लाकूडतोडे हायेतच."

दुकानदारानं कानमंत्र दिला होता, दोघांनी ओढायची, ढकलायची कुणीच नाही. दोघांनी इमानेइतबारे ओढली. एकाच वेळी! करवत जागची हलेना. मग चिडून दोघांनी ढकलली, तर पातं कमानीसारखं वाकलं आणि टणकन वाजलं. तुटलीच, असं वाटून सटवानं मूठ सोडली. बोकडही गेले, बाभळीही गेल्या.

भाकरी घेऊन आलेली त्याची बायको मनकर्णा तोंडाला पदर लावून हसत होती.

"खिदळती कावून?" सटवा खेकसला.

"नणंद आन् मी दळाया बसतो, तवा दोघी एकदम वढतो व्हय? एकीनं वढलं की दुसरीनं हात सैल सोडायचा. सरका भावजी."

धुळाजी सरकला. तिनं पदर खोचला आणि मूठ धरली. सटवानं ओढली, तिनं सोडली. तिनं ओढली, त्यानं सोडली. खर्र, खर्र. खाली पिठासारखा भुसा पडू लागला. मनकर्णा नकळत ओवी गुणगुणू लागली. सटवाला इतकं उधाण आलं की भाकरी फडक्यातच राहिली.

दिवस कलताना पाटील आले, तेव्हा वाट मोकळी होती.

"लई झाक! बाभळी तुझ्या. पर रोज जोडीला कोण? बायको मेंढरं राखंल का करवत वढंल?"

धुळाजी पायानं भुसा सारू लागला.

"भावजीच वढतील," मनकर्णा म्हणाली. "पर आदी जातं, मंग करवत."

दुसऱ्या दिवशी पहाटे सटवाच्या घरातून जात्याची घरघर ऐकू आली. पाण्याला निघालेल्या बाया दारात थबकल्या. ओवी चालू होती, आणि दोन्ही गळे बाप्यांचे होते.