मागचं बाक

हजेरीत जहांगीरचाचांचं नाव आलंच नाही.

चाचा जागेवरून उठले. "सर, माझं राहिलं."

"राहिलं नाही, काढलंय," योगेंद्र सर म्हणाले. "जुम्म्याला नमाजनंतर कुणाचा लूम दुरुस्त करत होतात?"

आयुष्य चाचांनी धुळ्यात पॉवरलूमवर काढलं होतं. त्यांनी पिशवी उचलली, शेजारच्या प्रेमराजच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गेले. प्रेमराज बराच वेळ खाली बघत राहिला.

"ही योजना बेकारांसाठी आहे," सर वर्गाला म्हणाले. "इथं बसायचं, शिकायचं, भत्ता घ्यायचा. बाहेर कुठं हात चालवताना दिसलात की नाव कट. पुन्हा कुठल्याच योजनेत यायचं नाही."

वर्ग धुळ्यातल्या एका जुन्या गोदामात भरायचा. मुलाखतीत कसं हसावं, हात कसे बांधावे, हे शिकवत. काम मात्र कुणाला लागलं नव्हतं. एकेक बाक तेवढं रिकामं होत होतं. सरांना बाहेरचं कळतं कसं, हे कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. पण वर्गातलाच जीवराम नावाचा एक माणूस सदान्‌कदा खिडकीपाशी फोनवर असायचा. तो आत आला की बोलणं थांबायचं.

चाचा गेल्यावर प्रेमराज मागच्या बाकावर, दीपमालाच्या शेजारी जाऊन बसला. ती हॉस्पिटलात सफाईला होती, कंत्राट संपलं तशी घरी बसली. नवरा नव्हता. प्रेमराजची ट्रान्सपोर्टमधली नोकरी गेलेली, घरी अंथरुणाला खिळलेली आई. जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा पुढं केला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा.

"घ्या ताई. तुम्ही रोज नुसता चहा पिता."

तिनं भाकर मोडली तेव्हा मनगटावरचा ताजा चट्टा दिसला.

"भाजलं?"

"तव्याले हात लागना, भाऊ."

"तव्यानं एवढं भाजत नाही."

तिनं खिडकीकडे पाहिलं. जीवराम पाठमोरा होता.

"त्याच्यासमोर बोलू नका," प्रेमराज हळूच म्हणाला. "आपल्याला जपून राहायला हवं."

दोन-तीन दिवस त्यानं पुन्हा विचारलं नाही. चट्ट्यासाठी मलम मात्र आणून दिलं. मग एका दुपारी, जीवराम बाहेर गेलेला असताना, ती आपणहून म्हणाली, "लगिनघरे मांडा करस मी. आंडेरनं नर्सिंग चालू शे. या भत्तामा काय व्हस? कोनले सांगू नका, भाऊ."

पुरणाचे मांडे हातावर फिरवून तापल्या खापरावर टाकायचे, म्हणजे मनगटं भाजणारच. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. एवढं निभावलं की ती आईला पुन्हा चुलीपुढं बसू देणार नव्हती. हे सांगताना दीपमालाचा चेहरा उजळला. वर्गात शिकवलेलं हसू ते नव्हतं.

"आता कुठं आहे लग्न?"

"सोनगीरले. झुलालआबास्ना घरे."

"तिथं हायवेवर कुणीही बघेल. मागच्या अंगणात बसा," प्रेमराज म्हणाला. "मी त्याच गावचा. काही लागलं तर आहेच."

तिनं मान हलवली. कितीतरी दिवसांनी तिला कुणीतरी आपलं वाटलं असावं.

लग्न झालं. सोमवारच्या हजेरीत तिचं नाव आलं नाही.

ती उठली नाही. नुसती बाकाची कड धरून बसली. उठला तो जीवराम.

"सर, त्या बाईंचं घर कसं चालणार? त्यांच्याऐवजी माझं नाव काढा. मला काही इथं काम लागत नाही."

"खाली बसा," सर म्हणाले.

जीवराम बसला नाही. सगळे त्याच्याकडे तिरस्कारानं बघत होते. आधी सांगायचं आणि मग साव बनायचं. मागून कुणीतरी तोंडावरच म्हणालं, "नाटकं पुरे."

दीपमाला निघाली. दारापाशी थांबून तिनं प्रेमराजकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. आपल्यापायी त्यानं काही बोलू नये, एवढंच तिला सांगायचं होतं. तो बोलला नाही.

"प्रेमराज, केबिनमध्ये या," सर म्हणाले.

आता याची पाळी, असं सगळ्यांना वाटलं. तो बाकांमधून जाताना जीवरामनं त्याचा हात दाबला.

सरांनी दार लावून घेतलं. "बसा. आईची तब्येत कशी आहे?"

"तशीच आहे."

"आता काळजी नको. या तुकडीतून काम लागलेले तुम्ही एकटेच."

"कुठं, सर?"

"जळगावच्या केंद्रावर," सर म्हणाले. "मांड्यांचा फोटो स्वच्छ आला होता, साहेब खूश आहेत. उद्यापासून तिथल्या वर्गात बसा, तिथं तुम्हाला अजून कुणी ओळखत नाही."