कुलपाआतली पत्रिका

पुतणीच्या लग्नाची पत्रिका उघडताच तात्यांचे दोन्ही यांत्रिक डोळे विझले. त्यांची सून मृण्मयी तडक भिंतीतल्या रखवालदारावर धावून गेली. घरातल्यांच्या डोळ्यांत उघडणारा प्रत्येक कागद आधी तोच यंत्रबाबा तपासायचा.

“मेल्या, ‘सुरक्षित’ म्हणून शिक्का तूच मारलास ना?”

“पत्रिकेला कुलूप होतं,” रखवालदार शांतपणे म्हणाला.

कुलूप असणारच. परक्यांनी वाचू नये म्हणून भावकीच्या पत्रिका कुलदैवताचं नाव घेतल्यावरच उघडत. तात्यांनी भक्तिभावानं हात जोडून ‘जोतिबा’ म्हटलं होतं, आणि पत्रिकेत कुठून तरी शिरलेली कीड मोकळी सुटली होती.

“म्हणजे आत काय आहे, ते तू पाहिलंच नाहीस?”

“कुलपाआतलं मला दिसत नाही. धोका दिसला नाही, म्हणून सुरक्षित म्हटलं.”

“मग ‘दिसत नाही’ एवढं सांगायला काय जीभ झडली होती तुझी?” तिनं हातातला तांब्या भिंतीवर फेकून मारला.

त्या आवाजानं दचकलेले तात्या खुर्चीचा हात चाचपत दात-ओठ खाऊन म्हणाले, “त्याला कशाला बोलतेस, सूनबाई? आता मलाही कुठं धोका दिसत नाही. म्हणजे मीही सुरक्षितच की!”