काही भरलं नाही तर

आईच्या तपासणीच्या कागदावर 'गुडघेदुखी, दहापैकी' या रकान्यात सलग चौदा महिने शून्य होतं. डॉक्टर खूश झाले. "अजिबात दुखत नाही म्हणता? मग ऑपरेशनचा विषय सोडून देऊ या." ऑपरेशनचं नाव काढलं की "बघू" म्हणणारी आई आताही "बघू" म्हणाली.

चेहरा उतरला तो लेकीचा. रुग्णांनी रोज फोनवर भरायचं ते ॲप तिनेच लिहिलं होतं. ॲपमधली माहिती दवाखान्यातल्या प्रोग्राममध्ये जायची, आणि त्या प्रोग्रामला रिकामा रकाना चालत नव्हता. म्हणून काही भरलं नाही तर शून्य धरायचं, असं तिनेच ठरवलं होतं.

"आई, तू हा रकाना कधी भरलाच नाहीस?"

"नाही. म्हटलं, रिकामा दिसला की कोणीतरी विचारेल."

"आणि मी धरून चालले की तुला दुखतच नाही. चुकलं गं माझं."

"तुझं एकटीचं कसं? आपल्या घरात पहिल्यापासून असंच धरतात," आई हसत म्हणाली.

मग ती डॉक्टरांकडे वळली.


"नऊ लिहा. आणि ऑपरेशनची तारीख द्या."