थेंब न पाजलेली मुलगी

२०५८ सालची ही गोष्ट. श्रीरामपूरला इरावतीच्या घरी उष्टी हळद आली होती. होणारी नणंद विभा तिच्या हाताला हळद लावता लावता दचकून मागे सरली.

"अगं बाई, हिच्या हाताला केस आहेत!"

जन्मतःच थेंब पाजून मुलींच्या अंगावरची लव कायमची घालवायची पद्धत पडून तेव्हा तीस वर्षं झाली होती. करवल्यांनी तरुण मुलीचा असा हात कधी पाहिलाच नव्हता. "ई, अस्वल!" एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"मीच पाजले नाहीत," इरावतीची आई प्राजक्ता म्हणाली. "आमच्या काळी सगळ्यांच्याच हाताला केस असायचे."

"मग काकू, मुलगी तुमच्या काळातच द्यायची होतीत!" विभा म्हणाली.

तिने लगेच भावाला, म्हणजे नवऱ्यामुलाला, फोन लावला आणि तो इरावतीकडे दिला.

"आजच केस घालवायचं इंजेक्शन घे," समीहन इरावतीला म्हणाला. "मोठेपणी घेतलं तर कातडी बधिर होते, एवढंच."

"म्हणजे तू हात धरलास तरी मला कळायचं नाही."

"नाही कळलं तर नाही. लोकांना दिसायला नको."

इरावतीने उठून हळद धुऊन टाकली.

समीहनचं महिन्याभरात दुसरीकडे लग्न झालं. विभा ही हकिकत पुढे कित्येक वर्षं हसून सांगायची. इरावतीने इंजेक्शन कधीच घेतलं नाही. उशिरा तिने एका विधुराशी लग्न केलं. मुलगी झाली तेव्हा नर्स थेंब घेऊन आली. "नको गं," म्हणत प्राजक्ता पुढे झाली. इरावतीने आईचा हात बाजूला सारला आणि बाळाचं तोंड स्वतः उघडलं.